मालवाहू ट्रेलरमध्ये बिछाना आणि मोटारसायकल: नागपूरच्या हवेला धरून बांधणी

मागे उतरता रॅम्प, पुढच्या टोकाला कपाट व स्वयंपाकाचे सामान आणि मधल्या मोकळ्या जागेत मोटारसायकल, अशा रचनेच्या ट्रेलरला अमेरिकेत ‘टॉय हॉलर’ म्हणतात. मुक्कामाच्या ठिकाणी मोटारसायकल खाली उतरवली की त्याच जागेत बिछाना पसरायचा, ही त्यामागची साधी कल्पना आहे. तिकडे हौशी लोक बंद पेटीचा लहान मालवाहू ट्रेलर विकत घेऊन आतले काम घरीच करतात. आपल्याकडे नागपूरजवळच्या वाडी किंवा हिंगणा परिसरातील बॉडी बांधणाऱ्या कारागिरांकडून पेटी करून घेऊन हे जमवता येते. पुढील विवेचन सहा फूट रुंद, दहा फूट लांब आणि एका ॲक्सलच्या, म्हणजे चाकांच्या एकाच जोडीच्या, पेटीला धरून केले आहे. एकच मोटारसायकल आणि दोन माणसे एवढ्यासाठी याहून मोठी पेटी घेऊ नये, कारण मोठी पेटी घेतली की ती भरण्याचा मोह आवरत नाही.

आधी कागदपत्रे

मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार ट्रेलर हेही वाहनच आहे आणि त्याची नोंदणी लागते. नोंदणी प्रमाणपत्रावरील तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरबदल परवानगीशिवाय करण्यास कलम ५२ मनाई करते, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ प्रमाणे अशा प्रत्येक फेरबदलासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणून पेटीचा आराखडा, वजन आणि वापराचा हेतू लिहून तो आपल्या नोंदणी कार्यालयात (शहरात एमएच-३१ किंवा एमएच-४९, ग्रामीण भागात एमएच-४०) दाखवावा आणि तिथले उत्तर लेखी मिळाल्यानंतरच पत्र्याला ग्राइंडर लावावा. त्यासोबत ओढणाऱ्या गाडीची पुस्तिका उघडावी. तिच्यात ट्रेलर ओढण्याची मर्यादा दिलेली नसेल तर कंपनीकडून ती लेखी मागावी. ‘इंजिन दणकट आहे, ओढेल’ हे गॅरेजवाल्याचे आश्वासन इथे उपयोगाचे नाही. इंजिन ओढतेच, प्रश्न थांबवण्याचा असतो.

वजनाचा हिशेब

या कामात सर्वांत जास्त वेळ वजनाला द्यावा. भारतीय वर्गीकरणात एकूण ७५० किलोपर्यंतचा ट्रेलर टी-१ या गटात येतो, आणि युरोपात ट्रेलरला स्वतःचा ब्रेक नसला तरी चालण्याची मर्यादाही हीच आहे. ही मर्यादा डोळ्यांसमोर ठेवून हिशेब मांडून पाहावा. समजा, फरशीसकट रिकामी पेटी ४३० किलो भरली आणि मोटारसायकल १८० किलोची आहे. म्हणजे उरले १४० किलो. पेटीची उंचीही सहा फूट धरली तर दोन्ही भिंती, पुढची बाजू आणि छत मिळून साधारण २१६ चौरस फूट होतात. त्यांना आतून ४ मिलिमीटरचा प्लाय लावला तर पन्नास किलोच्या आसपास वजन जाते आणि त्यामागची इन्सुलेशनची शीट पंधरा-सोळा किलो खाते. बिछान्याची चौकट व कपाट मिळून ३० किलो, बॅटरी १२, सौर पॅनेल ७ आणि पिण्याचे पाणी २० लिटर धरले की हातात पाच-सात किलो उरतात. कपडे, भांडी, शेगडी हे सगळे ओढणाऱ्या गाडीतच न्यावे लागणार, हे या आकड्यांवरून लगेच ध्यानात येते. भिंतींना ‘मजबुतीसाठी’ १२ मिलिमीटरचा प्लाय ठोकला असता तर एकट्या प्लायनेच हे १४० किलो संपवले असते. सुताराला हे आधीच सांगून ठेवावे, कारण घरातले फर्निचर करण्याची सवय असलेला कारागीर जाड मालाकडेच वळतो.

एकूण वजनाइतकेच महत्त्व ते कुठे ठेवले आहे याला आहे. ट्रेलरच्या पुढच्या टोकाचा, म्हणजे कपलरचा, गाडीच्या हुकावर पडणारा भार एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावा. ७५० किलोच्या ट्रेलरला तो ७५ ते ११० किलो येतो. हा भार कमी पडला तर वेग घेताच ट्रेलर मागून डोलू लागतो आणि ते डोलणे वाढत जाते. तसेच हा भार हुकाच्या व गाडीच्या मर्यादेबाहेर जाऊ देऊ नये. मोटारसायकलचे वजनाचे केंद्र ॲक्सलच्या एक फूट पुढे राहील अशी तिची जागा ठरवावी. ॲक्सल ते कपलर हे अंतर दहा फूट असेल तर १८० किलोची मोटारसायकल एक फूट पुढे ठेवल्याने कपलरवर १८ किलो वाढतात आणि एक फूट मागे ठेवल्याने तेवढेच कमी होतात. म्हणजे दोन फुटांच्या चुकीने ३६ किलोंचा फरक पडतो.

धर्मकाट्यावर एकूण वजन नीट कळते, पण ट्रकसाठी बसवलेल्या काट्यावर कपलरचा भार मोजणे भरवशाचे नाही. त्यासाठी घरचा माणसे मोजण्याचा काटा पुरतो. ट्रेलर सपाट जमिनीवर घेऊन चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळ्यांची ओट द्यावी. एक मजबूत फळी घ्यावी. तिच्या एका टोकाखाली लोखंडी पाइपचा तुकडा आणि त्यापासून बरोबर तीन फुटांवर दुसऱ्या टोकाखाली काटा ठेवावा, आणि फळी समपातळीत येईल असे विटांचे थर द्यावेत. कपलरचा भार पाइपपासून एक फुटावर टेकवावा. काट्यावर दिसेल त्या आकड्याची तिप्पट म्हणजे कपलरचा भार. अर्थात फळीच्या वजनाने काटा आधी जे दाखवत होता ते प्रथम वजा करावे. ही मोजणी मोटारसायकल चढवून एकदा आणि उतरवून एकदा करावी, कारण ट्रेलर दोन्ही अवस्थांमध्ये रस्त्यावर येणार आहे.

पत्रा, छत आणि ऊन

नागपुरात पेटीची खरी परीक्षा थंडीत नसून उन्हात होते. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, नवतपाच्या दिवसांत तर दुपारी पत्र्याला हात लावता येत नाही. म्हणून छत पांढरेच ठेवावे आणि इन्सुलेशनचा खर्च भिंतींआधी छतावर करावा. एक्सपीएसची, म्हणजे दाट कडक फोमची, २५ मिलिमीटरची शीट चौकटीच्या पाइपांच्या मध्ये घट्ट बसवावी. मात्र लोखंडी पाइप उष्णता थेट आत आणतात, म्हणून पाइपांवरून पातळ फोमची पट्टी चिकटवून मगच प्लाय लावावा. साधा थर्माकोल स्वस्त पडतो, पण गाडीच्या हादऱ्यांनी त्याचे दाणे सुटतात. तो मी वापरणार नाही.

हवा खेळण्यासाठी छतात साधारण १४ इंच चौरस झाकण आणि समोरासमोर दोन खिडक्या पुरेशा होतात. खिडकीची कापणी करण्यापूर्वी आतून चौकटीचे पाइप कुठे आहेत ते खुणावून घ्यावे आणि एकही पाइप न कापता खिडकी त्यांच्या मध्ये बसेल असे माप निवडावे. कोपऱ्यांना आधी भोके पाडून मग जिगसॉने कापले तर कोपरे गोल राहतात व पत्रा पुढे फाटत नाही. कापलेली कड घासून तिच्यावर लगेच झिंक प्रायमर लावावा; इथे आळस केला तर पहिल्याच पावसाळ्यात गंज धरतो. खिडकी व झाकणाच्या चौकटीखाली ब्यूटाइल टेप, म्हणजे पाणी अडवणारी चिकट रबरी पट्टी, द्यावी. छतावर साधे सिलिकॉन फासू नये, कारण ते सुटले की त्या जागी दुसरे काहीच नीट चिकटत नाही आणि दुरुस्तीच्या वेळी खरवडत बसावे लागते.

थंडाव्याच्या बाबतीत नागपूरकराला नवे काही शिकवण्याची गरज नाही. कोरड्या हवेत लहान कूलर उत्तम काम करतो. फक्त समोरची खिडकी उघडी हवी, नाहीतर आत नुसती दमट हवा कोंडते. १५० वॅटचा कूलर १२.८ व्होल्ट, १०० ॲम्पिअर-तासांच्या लिथियम बॅटरीवर इन्व्हर्टरमधून सात तासांच्या आसपास चालतो, म्हणजे एक रात्र निघते. कूलर आणि त्याचे पाणी या दोन्हींचे वजन वरच्या हिशेबात धरलेले नाही, तेव्हा तो गाडीतून न्यावा. जूननंतर कूलर घरीच ठेवावा. एसीचा विचार करू नये. त्याला लागणारी वीज या आकाराच्या ट्रेलरला झेपत नाही.

डिसेंबर-जानेवारीच्या रात्री उलटा प्रश्न येतो. बंद पेटीत दोन माणसे झोपली की पहाटेपर्यंत उघड्या लोखंडावर श्वासाचे पाणी जमते आणि गादीखाली ओल येते. छताचे झाकण बोटभर उघडे ठेवणे आणि बिछान्याची फळी सलग न करता पट्ट्यांची करणे, एवढे केले की पुरे.

मोटारसायकल, पेट्रोल आणि बिछाना

फरशीला १८ मिलिमीटरचा, आयएस ७१० या भारतीय मानकाचा मरीन प्लाय वापरावा आणि त्याच्या कडा व खालची बाजू बसवण्यापूर्वी रंगवून घ्याव्यात. ८ बाय ४ फुटांची अशी एक शीट ३५ किलोच्या जवळपास भरते, ती रिकाम्या पेटीच्या वजनातच धरलेली आहे. मोटारसायकल बांधायचे पट्टे अडकवण्याच्या कड्या प्लायला स्क्रूने लावू नयेत. त्या बोल्टने आरपार खालच्या चौकटीपर्यंत न्याव्यात. पुढचे चाक ते अडवून धरणाऱ्या खाचेत (व्हील चॉकमध्ये) बसवून पुढून दोन रॅचेट पट्टे, म्हणजे खटक्याने आवळायचे पट्टे, खाली व बाहेरच्या दिशेने साधारण ४५ अंशांत ओढावेत, पुढचे सस्पेन्शन निम्म्यापर्यंत दाबले जाईल इतपतच आवळावेत आणि मागून आणखी दोन पट्टे द्यावेत. पट्ट्यावर तुटण्याचा भार छापलेला असेल तर त्याच्या एक-तृतीयांश एवढाच वापराचा भार समजावा. फरशी जमिनीपासून दीड फूट उंच असेल तर रॅम्प निदान सहा फूट लांब ठेवावा. चढ पंधरा अंशांच्या आत राहतो आणि मोटारसायकलचे पोट कडेला घासत नाही.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती फरशीवर साचते, आणि आपण झोपणार आहोत तीही हीच पेटी आहे. दोन्ही भिंतींत फरशीलगत समोरासमोर जाळीच्या झडपा ठेवाव्यात व त्या कधीही बंद होणार नाहीत अशाच बसवाव्यात. आता अडचण अशी की, बॅटरी उन्हापासून लांब, खाली, थंड जागी ठेवावीशी वाटते आणि ठिणगी पडू शकणाऱ्या वस्तू खाली ठेवणे धोक्याचे असते. यावर उपाय म्हणजे पुढच्या टोकाच्या कपाटात बॅटरीसाठी वेगळा कप्पा करावा, तो मोटारसायकलच्या जागेपासून रबरी पट्टी लावलेल्या बंद फळीने तोडावा आणि त्याचे दार व हवेची झडप बाहेरच्या बाजूला, सावलीकडे द्यावी. बहुतेक लिथियम बॅटऱ्यांना ४५ अंशांपुढे चार्जिंग सोसत नाही, म्हणून त्या कप्प्यात तापमान पाहण्याची सोय असावी. मुख्य फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतराच्या आत असावा. बाकीची बटणे व चार्जर छातीच्या उंचीवर असावेत.

मोटारसायकल आत असताना कोणीही आत झोपू नये. ती उतरवल्यावर दार व खिडक्या उघडून फरशी वाऱ्यावर ठेवावी, वास पूर्ण गेल्यावरच बिछाना खाली घ्यावा. पेट्रोलचा सुटा डबा आत नेऊ नये. शेगडी बाहेर, ताडपत्रीच्या सावलीत पेटवावी आणि कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे यंत्र बिछान्याजवळ लावावे. चालत्या ट्रेलरमध्ये माणूस बसवायचा नाही, हे मुलांनाही पहिल्याच दिवशी सांगून ठेवावे.

बिछाना भिंतीला बिजागरीने लावून वर दुमडता येईल असा करावा. आतली रुंदी पत्रा, चौकट आणि प्लाय वजा जाता सुमारे पाच फूट आठ इंच उरते, त्यामुळे उंच माणसाला आडवे झोपता येत नाही. बिछाना लांबीच्या दिशेनेच घ्यावा आणि कपाटाचे माप त्यानुसार ठरवावे. हे माप प्लाय लावून झाल्यावर घ्यावे, कागदावरून नव्हे.

रस्त्यावर

पहिला प्रवास पेंच किंवा खिंडसी तलावापर्यंतचा, जवळचा असावा. निघताना ट्रेलर गाडीला जोडणाऱ्या सुरक्षा साखळ्या कपलरखाली एकमेकींवर तिरप्या ओवाव्यात, दिवे व इंडिकेटर दुसऱ्या माणसाला मागे उभे करून तपासावेत, टायरची हवा गाडी गार असतानाच भरावी. ८० ते १०० किलोमीटरवर थांबून चाकांचे नट पुन्हा आवळावेत, कारण नव्या चाकांचे नट जागी बसताना सैल होतात. वेग साठ-सत्तरच्या वर नेऊ नये. ट्रेलर डोलू लागला तर जोरात ब्रेक मारू नये, स्टिअरिंग सरळ धरून ॲक्सिलरेटर सोडावा. समृद्धी महामार्गावर दुचाकींना बंदी असल्याने मोटारसायकल ट्रेलरमधून नेण्याचा विचार मनात येतो. तसे करायचे तर प्रवेशाची अट आधी विचारून घ्यावी आणि एप्रिल-मेमध्ये सिमेंटच्या तापलेल्या रस्त्यावर दर तासाला थांबून टायर हाताने चाचपावेत.

जंगलाच्या हद्दीत परवानगीशिवाय मुक्काम करता येत नाही. बफर क्षेत्राबाहेरील रिसॉर्ट किंवा शेताच्या मालकाशी आधी बोलून जागा ठरवावी. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले आहे, त्यामुळे निवासाच्या जागी वीज व पाण्याची चौकशी करताना हे धोरण समोर ठेवायला हरकत नाही.

पावसाळ्यात ट्रेलर उभा करून ठेवायचा असेल तर पुढची बाजू चार बोटे उंच ठेवावी, म्हणजे छतावरचे पाणी मागे वाहून जाते. बॅटरी काढून घरात आणावी, गादी उभी करावी, आणि पहिल्या मोठ्या सरीनंतर टॉर्च घेऊन आत शिरून छताच्या झाकणाच्या चारही कडा बोट फिरवून पाहाव्यात.