सायंकाळी पवनी, रात्रभर झाडीपट्टीचे नाटक: एका रात्रीची आखणी

मोठ्या परदेशी शहरांत सायंकाळी प्रवाशांना शहर दाखवून शेवटी नृत्यगायनाच्या कार्यक्रमाला नेऊन बसवण्याची पद्धत जुनी आहे. पॅरिसमध्ये सीन नदीचा काठ आणि दिव्यांनी उजळलेले रस्ते पाहायचे आणि रात्री 1889 मध्ये सुरू झालेल्या मुलाँ रूजसारख्या कॅबरेगृहात जायचे, असा जोडकार्यक्रम एकाच तिकिटात मिळतो. आपल्या पूर्व विदर्भात, म्हणजे भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर या जिल्ह्यांच्या झाडीपट्टी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या धानपट्ट्यात, त्याच्या जवळ जाणारा बेत दिवाळीपासून होळीपर्यंत सहज जमवता येतो. मात्र तो तयार मिळत नाही, आपला आपणच आखावा लागतो. आखताना एक फरक सतत ध्यानात ठेवावा. पॅरिसचा खेळ दोनेक तासांत आटोपतो, म्हणून तेथे आधीची भटकंती कितीही लांबवली तरी चालते. झाडीपट्टीचे नाटक रात्री दहाच्या पुढे उभे राहते आणि पहाटे पाचच्या सुमारास संपते. दिवसभर फिरून दमलेला माणूस अशा नाटकाला न्याय देऊ शकत नाही. त्यामुळे येथे फिरणे थोडके असावे, ते नाटकाच्या गावाकडे नेणारे असावे आणि त्यातील प्रत्येक गोष्ट रात्रीच्या जागरणाचा विचार करून ठरवलेली असावी.

म्हणूनच आधी स्थळ ठरवून मग जवळपासचे नाटक शोधण्याऐवजी उलट क्रम धरावा. आधी नाटक निवडावे, नंतर त्याच्या वाटेवरचे स्थळ. नाट्यमंडळ्यांचे मुख्य ठाणे गडचिरोली जिल्ह्यातील वडसा, म्हणजेच देसाईगंज, येथे आहे. हंगामात तेथे मंडळ्यांची कार्यालये ओळीने थाटलेली असतात आणि गावोगावचे आयोजक तेथे येऊन आपल्या तारखेचा प्रयोग ठरवून जातात. तिकीटविक्री मंडळी करत नाही, ती गावातील आयोजक मंडळ करते. म्हणून चौकशी करायची ती गावात. एसटी स्थानकाच्या भिंती, चहाच्या टपऱ्या आणि बाजाराच्या दिवशीची गर्दी ही नाटकांच्या जाहिरातीची नेहमीची ठिकाणे आहेत. पोस्टरवर नाटकाचे नाव, मंडळीचे नाव, कलावंतांची छायाचित्रे आणि आयोजकांचा दूरध्वनी क्रमांक दिलेला असतो. त्या क्रमांकावर आदल्या दिवशी बोलून प्रयोग नक्की आहे का, खुर्चीचे आणि जमिनीवर बसण्याचे दर काय आहेत आणि गाडी कुठे लावता येईल, एवढे विचारून घ्यावे. नात्यातले कोणी त्या गावात असेल तर यांपैकी काहीच विचारावे लागत नाही, कारण नाटकाच्या दिवशी झाडीतील प्रत्येक घर पाहुण्यांनी भरते आणि पाहुण्याची जागा घरच्या माणसांनी आधीच धरून ठेवलेली असते.

तारीख निवडताना मंडईचा, म्हणजे गावच्या जत्रेचा, दिवस साधता आला तर उत्तम. भाऊबीजेपासून पूर्व विदर्भात गावोगावी मंडई भरू लागते, आणि शेजारच्या गावांचे दिवस वेगवेगळे असल्याने लोकांना एकमेकांकडे जाता येते. दुपारी दुकाने लागतात, दंडारी म्हणजे लोकनाट्याचे फड येतात, सोयरिकीच्या गोष्टी निघतात आणि रात्री नाटक होते. दंडार ही या नाटकाची वडील बहीण आहे. तिच्यात पुरुषच स्त्रीवेश घेऊन नाचतात व गातात, आणि आजच्या झाडीपट्टी नाटकातील गाणी, विनोदी जोडी आणि प्रेक्षकाशी थेट बोलण्याची रीत ही दंडार आणि खडीगंमत या लोककलांकडूनच चालत आली आहे. दुपारी दंडार पाहिलेल्या माणसाला रात्रीचे नाटक अधिक उमगते. शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, असलेल्या गावातही असाच योग जुळतो. बैलांच्या शर्यतीसाठी जमलेल्या शेतकऱ्यांच्या मुक्कामाच्या रात्रीने या नाटकांना मोठा आधार दिला. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शर्यती थांबल्या, डिसेंबर 2021 मध्ये त्यांना पुन्हा परवानगी मिळाली आणि मे 2023 मध्ये घटनापीठाने ती कायम केली. मधल्या वर्षांत पट नसतानाही नाटके चालू राहिली, यावरून लोकांचे त्यांच्यावरचे प्रेम कळावे.

निवड करताना एका बाबतीत डोळे उघडे ठेवावेत. काही ठिकाणी नाटकाऐवजी ‘डान्स हंगामा’ या नावाने नुसत्या नाचाचे कार्यक्रम लावले जातात आणि त्यांतील काही कार्यक्रम अश्लीलतेच्या तक्रारींमुळे पोलिसांपर्यंत गेले आहेत. झाडीपट्टीच्या नाटकातही लावणी असते, अंकांच्या मध्ये नृत्यही असते, पण तेथे ते कथेच्या आणि गायनाच्या संगतीत येते. कुटुंबासह जायचे असेल तर पोस्टरवर नाटकाचे नाव ठळक आहे की नर्तकींची छायाचित्रेच ठळक आहेत, हे पाहावे आणि आयोजकांना स्पष्ट विचारावे. माझे स्पष्ट मत आहे की केवळ नाचासाठी एवढी रात्र जागू नये; या रंगभूमीचे खरे वैभव तिच्या गायक नटांत आहे. गडचिरोली जिल्ह्यातील डॉ. परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीवरील आयुष्यभराच्या कामासाठी.

आता सायंकाळचे फिरणे. भंडारा जिल्ह्यातील अड्याळ, आसगाव, लाखांदूर या बाजूला नाटक असेल तर पवनीसारखे दुसरे गाव नाही. नागपूरहून उमरेड आणि भिवापूरमार्गे हे अंतर सुमारे ऐंशी किलोमीटर आहे, त्यामुळे दुपारचे जेवण आणि तासभर झोप घेऊन दोनच्या सुमारास निघाले तरी चारपूर्वी पोहोचता येते. ती दुपारची झोप चुकवू नये, कारण पहाटे तीन वाजता तीच कामाला येते. हिवाळ्यात साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणजे पवनीत प्रकाशाचे दीड-दोन तास हाती असतात आणि तेवढे पुरतात, जर क्रम नीट लावला तर.

पहिल्यांदा जगन्नाथ टेकडीवर जावे, कारण तेथील अवशेष उजेडातच समजतात. 1969–70 मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी येथे उत्खनन केले आणि मौर्यकाळापर्यंत मागे जाणारा विटांचा मोठा बौद्ध स्तूप उजेडात आला. दान देणाऱ्यांची नावे कोरलेले ब्राह्मी लेखही सापडले. उपासक, भिक्षू, भिक्षुणी अशा माणसांनी या स्तूपाला हातभार लावला होता. घाईने छायाचित्र काढून परतण्यापेक्षा येथे अर्धा तास शांतपणे चालावे आणि सोबत मुले असतील तर त्यांना सांगावे की जेथे आपण उभे आहोत तेथे दोन हजार वर्षांपूर्वीही वैनगंगेकाठच्या लोकांची वर्दळ होती. विटांवर चढू नये व त्या हलवू नयेत, हे मुलांना आधीच समजावून ठेवावे.

टेकडीवरून गावात यावे. पवनीला तीन बाजूंनी तटबंदी आणि एका बाजूने नदी असे संरक्षण होते. तटाच्या खंदकातील पाणी आणि जुना दरवाजा जाता जाता दिसतो. विदर्भातील अष्टविनायकांपैकी पंचमुखी गणेश येथेच आहे आणि दर्शनाला फार वेळ लागत नाही. देवळे एवढी आहेत की या गावाला विदर्भाची काशी म्हणतात, पण सर्व देवळे करण्याचा हट्ट धरू नये. उन्हे कलली की सरळ घाटावर जावे. वैनगंगेच्या पायऱ्यांवर बसून अंधार पडेपर्यंत काही न करणे हा या फिरण्यातील सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, कारण पुढची रात्र गोंगाटाची, दिव्यांची आणि गर्दीची असते आणि तिच्याआधी एवढी विश्रांती मिळाली की ती गर्दी त्रासदायक न वाटता हवीहवीशी वाटते. पाण्यात मात्र उतरू नये. वर गोसेखुर्द धरण आहे आणि पाणी केव्हा सोडले जाईल याचा भरवसा धरता येत नाही.

नाटक वडसा किंवा आरमोरी बाजूला असेल तर पवनीचा वळसा पडतो. तेव्हा गोंदिया–बल्लारशाह मार्गावरील रेल्वेने वडशाला उतरावे आणि गाडी करून वैरागडचा किल्ला पाहून घ्यावा. नागपूर–नागभीड ही छोट्या रुळांची जुनी गाडी 2019 मध्ये बंद झाली, तेव्हा जुन्या आठवणीवर विसंबून रेल्वेचा बेत करू नये.

नाटकाच्या गावात साडेसात-आठपर्यंत पोहोचावे. जेवण पोटभर, पण जड नको; पाहुणा म्हणून गेल्यास भात, वरण आणि ताटाला शोभेल अशी भाजी मिळतेच, आणि आग्रह इतका होतो की दुसऱ्यांदा वाढून घेताना मध्यरात्रीची आठवण ठेवावी लागते. सोबत जाड शाल, कानटोपी आणि खाली अंथरण्यासाठी चादर असलीच पाहिजे. धान कापून झालेल्या बांधीत मंडप उभारलेला असतो, जमिनीत ओल असते आणि डिसेंबर-जानेवारीत पहाटे अंगावर दव उतरते. अनेक ठिकाणी प्रेक्षकांची जागा उतरती खणून त्याच मातीचा रंगमंच बांधतात, त्यामुळे मागे बसलेल्यालाही चांगले दिसते. जमिनीवर बसायचे असेल तर मधल्या ओळी धराव्यात. अगदी पुढे ध्वनिक्षेपकाचा आवाज असह्य होतो. स्त्रियांसाठी मंडपाजवळ स्वच्छतागृहाची सोय बहुधा नसते, म्हणून कोणाच्या घरी जाता येईल हे जेवतानाच ठरवून ठेवावे. ही गोष्ट बोलायला लोक संकोचतात आणि रात्री अडचण होते.

पोस्टरवर साडेनऊ किंवा दहा लिहिलेले असले तरी आधी उद्घाटन, सत्कार आणि भाषणे होतात. तेव्हा वेळेवर जागा धरावी, पण पडदा उघडण्याची घाई मनात धरू नये. ऑर्गन आणि तबला जुळू लागले की नांदी होते. सामाजिक कथानक, नायक-नायिका, खलनायक, विनोदी पात्रे, प्रत्येकाच्या वाट्याला गाणे, रंगवलेले पडदे, विंगेत उभा असलेला प्रॉम्प्टर, अशी ही मांडणी आहे. कलावंत हंगामात जवळजवळ रोज वेगळ्या गावी आणि पुष्कळदा वेगळ्या नाटकात उभे राहतात, म्हणून प्रॉम्प्टरचा आवाज कानावर आला तर त्याला कमीपणा मानू नये. एवढी कामे एकाच हंगामात पेलण्याची ती व्यवस्था आहे. गाणे आवडले तर बक्षीस द्यावे, परंतु ते रंगमंचाकडे न भिरकावता आयोजकांच्या हाती नावासह द्यावे, म्हणजे ध्वनिक्षेपकावर त्याचा उल्लेख होतो आणि कलावंताचा मान राहतो. लावणीच्या वेळी शिट्ट्या मारणे, पुढे घुसून मोबाइलवर चित्रण करणे हे कलावंत स्त्रियांना जाचक असते. आपल्या सोबतचा कोणी तसे करू लागला तर त्याला खाली बसवणे ही आपली जबाबदारी आहे.

मध्यरात्रीनंतर एक-दीडच्या सुमारास झोपेची पहिली लाट येते आणि शहरातून आलेले पुष्कळ लोक तेव्हाच उठतात. कृपा करून उठू नये. पहिल्या अंकात पात्रांची ओळख आणि विनोद यांतच बराच वेळ जातो; कथेची खरी गाठ दुसऱ्या अंकापासून आवळते आणि दमदार गायन व करुण प्रसंग पहाटेकडे येतात, कारण आपले प्रेक्षक शेवटपर्यंत बसणार हे मंडळीला ठाऊक असते. झोप आलीच तर मध्यंतरात मंडपाबाहेर येऊन चहा आणि गरम आलूबोंडा घ्यावा, चार पावले चालावे आणि परत बसावे. लहान मुले मांडीवर झोपली तरी हरकत नाही. झाडीतील बहुतेक माणसांनी आपली पहिली नाटके अशीच अर्धी झोपेत पाहिली आहेत.

परतीबाबत मात्र कडक असावे. ब्रह्मपुरी, नागभीड, पवनी, वडसा या भागांतील रस्ते वाघांचा वावर असलेल्या जंगलातून जातात आणि रानडुकरे अचानक आडवी येतात, म्हणून मध्यरात्री किंवा पहाटेच्या अंधारात दुचाकीने निघणे टाळावे. नाटक संपल्यावर गावातच थांबून पुरते उजाडू द्यावे. स्वतःची गाडी असेल आणि चालकानेही नाटक पाहिले असेल तर त्याला दोन तास झोपू द्यावे, किंवा नाटक न पाहता रात्री झोपलेला दुसरा चालक आधीच ठरवावा. एसटीने जाणाऱ्यांनी सकाळची पहिली बस किती वाजता आणि कोणत्या फाट्यावरून सुटते हे आदल्या सायंकाळीच विचारून ठेवावे, कारण नाटकाच्या दुसऱ्या दिवशी त्या बसला पाहुण्यांची गर्दी असते आणि फाट्यावर अर्धा तास आधी उभे राहिल्याशिवाय जागा मिळत नाही.