ऑफर लेटर आलं, राजीनामा अजून टाकू नका

जानेवारी उजाडला की आखातात शिकवून परत आलेल्या आमच्यासारख्यांचे फोन वाजायला लागतात. दुबई-शारजातल्या भारतीय शाळांचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, त्यामुळे भरतीची घाई थंडीतच. परवा एकीने व्हॉट्सॲपवर दोन पानी ऑफर लेटर पाठवलं. पगार ४,००० दिरहम, 'सर्व भत्त्यांसह'. खाली बारीक अक्षरात एक ओळ: व्हिजिट व्हिसावर यावे, रुजू झाल्यावर व्हिसा बदलून देण्यात येईल. ती माध्यमिकला शिक्षण सेवक आहे, मानधन महिना १८,०००. दिरहमाचे २३ रुपये धरले तर समोर ९२ हजार दिसतात, डोळे दिपणारच. तिने एवढंच विचारलं होतं, "ताई, जाऊ का?" उत्तर लांबत गेलं, म्हणून इथेच मांडते.

आधी ती बारीक अक्षरातली ओळ. अमिरातीत कामाचा परवाना हाती येण्याआधी वर्गात उभं राहणं बेकायदा आहे. सरळ रस्ता असा: तिथल्या मनुष्यबळ मंत्रालयाच्या नमुन्यातलं ऑफर लेटर येतं, त्यावर तुमची सही होते, मग नोकरीचा प्रवेश परवाना निघतो आणि त्यानंतर विमान. शाळेच्या लेटरहेडवरचं गोड पत्र म्हणजे ते ऑफर लेटर नव्हे. व्हिजिटवर गेलेल्या काहींचे व्हिसे खरंच बदलून मिळाले, माझ्या ओळखीतही आहेत. पण बदलेपर्यंत तुम्ही कुणाच्याच नोंदीत नसता. पगार बुडाला तर तक्रार कुठल्या करारावर करणार? परवान्याशिवाय कामाला ठेवणाऱ्या मालकाला २०२४ पासून १ लाख ते १० लाख दिरहम दंड आहे, म्हणजे गोष्ट किरकोळ नाही. ही एक ओळ बदलायला शाळा तयार नसेल तर पुढचं वाचायचीही गरज नाही.

मध्ये एजंट असेल तर त्याचा परवाना बघा. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली परदेशी नोकरभरती करणाऱ्याला नोंदणी लागते आणि भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणीकृत एजंटांची यादी कुणालाही बघता येते. सेवाशुल्काची मर्यादा ३०,००० रुपये अधिक जीएसटी. 'प्रोसेसिंग'चे दीड लाख रोख मागून पावतीचं नाव काढल्यावर चहा मागवणारा भेटला, तर चहा पिऊन उठा. भरतीचा आणि व्हिसाचा खर्च शिक्षकाकडून वसूल करायला अमिरातीचा कायदाही मनाई करतो. त्यामुळे 'वर्षाच्या आत सोडल्यास व्हिसाखर्च कापून घेऊ' असं कलम दिसलं तर त्यावर लाल पेन फिरवा आणि खुलासा लेखी मागा. शंका असेल तर प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा १८००-११-३०९० हा नंबर लावा, किंवा मुंबईत बीकेसीतल्या विदेश भवनात, म्हणजे परराष्ट्र खात्याच्या कार्यालयात, जाऊन विचारा.

आता ते ४,०००. यात मूळ पगार किती, हे विचारल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. तिला विचारायला लावलं तेव्हा कळलं, मूळ १,६००, बाकी घरभाडं आणि प्रवास. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना हाती येणारी रक्कम, फक्त मूळ पगारावर मिळते, पहिली पाच वर्षं दर वर्षाला २१ दिवसांचा पगार. म्हणजे १,६०० ला ३० ने भागून २१ ने गुणा: वर्षाचे १,१२० दिरहम. सगळा पगार मूळ धरला असता तर हेच २,८०० झाले असते. जुलै-ऑगस्टच्या सुटीचा पगार पहिल्या वर्षी मिळणार का, हेही विचारा. दहा महिन्यांचा पगार बारा महिन्यांवर पसरून दाखवणं हा जुना खेळ आहे. राहायची जागा शाळेची असेल तर खोलीत किती जणी, ते लिहून घ्या. नसेल तर तिथे भाडं पुढच्या तारखांचे चेक देऊन भरतात, आणि नव्या माणसाकडे चेकबुक कुठून असणार? मग बेड स्पेस: एका खोलीत तीन-चार पलंग आणि आपलं जग पलंगाखालच्या बॅगेत.

कागदपत्रांत आपल्या बायकांचं घोडं नेहमी एकाच जागी अडतं. नाव. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पदवी माहेरच्या नावाने. बी.एड. लग्नानंतर, म्हणून नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. पासपोर्टवर आणखी तिसरंच, कारण फॉर्म एजंटने भरला. आपल्याला ही एकच बाई दिसते, परक्या टेबलावरच्या कारकुनाला तीन दिसतात. माझ्या वेळी 'दत्तात्रय' आणि 'दत्तात्रेय' या एका मात्रेने, म्हणजे इंग्रजीतल्या एका अक्षराने, तीन आठवडे खाल्ले. तेव्हा आजच सगळी प्रमाणपत्रं जमिनीवर ओळीने मांडा आणि नावं अक्षर न् अक्षर जुळवा. लग्नाचं प्रमाणपत्र काढलेलं नसेल तर काढा, नावबदल राजपत्रात छापून घ्या. मगच साक्षांकनाच्या मागे लागा: विद्यापीठाकडून खातरजमा, राज्याचा म्हणजे मंत्रालयातला शिक्का, परराष्ट्र मंत्रालय आणि शेवटी अमिरातीची वकिलात. याला आठवडे जातात. हा खर्च शाळा देते की तुम्ही, हेही मेलवर घ्या.

बी.एड. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं असेल तर थांबा. पदवीत काही कमी आहे म्हणून नव्हे, मीही त्याच विद्यापीठाची. पण दूरशिक्षणाची पदवी तिथे समकक्ष धरली जाईल का, आणि त्यावर शिकवायची मंजुरी मिळेल का, हे शाळेकडून लेखी आल्याशिवाय पुढे जाऊ नका. 'सगळ्यांचं होतं, मॅडम' हे उत्तर नव्हे.

शाळेची चौकशी सोपी आहे. दुबईतल्या खासगी शाळांचे तपासणी अहवाल तिथलं शिक्षण प्राधिकरण जाहीर करतं, ते वाचा. त्याहून बरं म्हणजे गेल्या वर्षी ती शाळा सोडलेली शिक्षिका गाठणं. महाराष्ट्र मंडळात कुणाची तरी कुणीतरी ओळख निघतेच. तिला एकच विचारायचं: पगार कितव्या तारखेला व्हायचा?

छातीचा एक्स-रे इथेच काढून बघा. जुन्या क्षयाचा डाग तिथल्या वैद्यकीय तपासणीत अडचणीचा ठरू शकतो. पासपोर्ट आणि मूळ प्रमाणपत्रं कुणी 'जपून ठेवायला' मागितली तर द्यायची नाहीत. पासपोर्ट भारत सरकारची मालमत्ता आहे, ते त्याच्यावरच छापलंय.

राजीनामा सगळ्यात शेवटी. आपल्याकडच्या खासगी शाळांच्या १९७७ च्या कायद्यानुसार राजीनाम्याच्या दोन प्रती करून, दोन्हींवर सही-तारीख घालून, एक संस्थेला रजिस्टर पोस्टाने पाठवायची आणि दुसरी स्वतःजवळ ठेवायची असते. कायम शिक्षकाला तीन महिन्यांची नोटीस, इतरांना एक महिन्याची. एप्रिलमध्ये रुजू व्हायचं तर कायम असलेल्यांना जानेवारी ओलांडून चालत नाही, आणि एजंट नेमका हाच धाक घालतो. पण तिकडे सहा महिन्यांपर्यंत प्रोबेशन असतं आणि त्यात १४ दिवसांच्या लेखी नोटिशीवर शाळा घरी पाठवू शकते. म्हणून परतीचं भाडं आणि दोन महिन्यांचा खर्च वेगळ्या खात्यात, ज्याचं कार्ड तुमच्याच पर्समध्ये आहे.

मी पहिल्यांदा असेच प्रश्न एका शाळेला मेल केले होते. तीन दिवसांनी उत्तर आलं: "मॅडम, तुम्ही फार विचार करता." पुढच्या एप्रिलला दुसरीकडे गेले, सहा वर्षं राहिले. त्या पहिल्या वेळी राजीनाम्याच्या दोन्ही प्रती लिहून तयार होत्या. एकीच्या पाठीवर नंतर संक्रांतीच्या तीळगुळाची यादी झाली, दुसरी अजून कपाटात आहे, रजिस्टरच्या तिकिटांसकट.