मातृवंदनेचे पैसे आणि जुनं पासबुक

पहिल्या बाळंतपणासाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून 5,000 रुपये मिळतात: गरोदरपणाची नोंद आणि एक तपासणी झाली की 3,000, बाळाची जन्मनोंद आणि सुरुवातीच्या लसी झाल्यावर 2,000. दुसरी मुलगी झाली तर 6,000. अर्ज अंगणवाडीत.

खरी गोची खात्याची. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यातच जातात, मग फॉर्मवर काहीही लिहा! आमच्या डिचोलीच्या वहिनीचा हप्ता तिच्या माहेरच्या, लग्नाआधीच्या खात्यात पडून होता. पासबुक ट्रंकेत साड्यांखाली. म्हणून अर्जाआधी बँकेत विचारा, आधार नेमकं कुठल्या खात्याला जोडलंय. मुलगी झाली तर गोवा सरकारच्या ममता योजनेचीही चौकशी तिथेच अंगणवाडीत करा.