सातेरी मधमाश्यांचा उन्हाळा : होळीपासून मृगापर्यंत पेटीची काळजी

सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर आणि कोकणाच्या उतारावर सातेरी, म्हणजे पेटीत पाळता येणाऱ्या देशी मधमाश्या, पाळणाऱ्यांसाठी फेब्रुवारी ते मे हे वर्षातले सर्वांत मोठ्या कामाचे महिने. मार्च-एप्रिलमध्ये जांभूळ फुलते, त्याच सुमारास गेळा आणि मागोमाग हिरडा. महाबळेश्वर-जावळीकडचा बहुतेक मध याच फुलोऱ्यांतून येतो. त्यानंतर जून ते सप्टेंबर माश्यांना बाहेर पडायला धड उघडीप मिळत नाही आणि फुलेही फारशी नसतात. पावसाळ्यात रिकाम्या होणाऱ्या बहुतेक पेट्यांचे कारण मे महिन्यात सापडते : मध जास्त काढलेला असतो, राणी म्हातारी असते, नाहीतर पेटीत मोकळी पोळी जास्त राहिलेली असतात. उन्हाळ्यातले प्रत्येक काम करताना 'जूनमध्ये या पेटीत काय उरेल?' हा हिशेब धरायचा.

आठ-दहा मधपाळांचा गट असेल तर ही कामे बरीच सोपी होतात. मधयंत्र एकच घेऊन सगळ्यांना वापरता येते, विभाजनाला (एका वसाहतीच्या दोन करायला) हाताशी दुसरा माणूस असतो, आणि शेजारच्या शेतकऱ्याशी फवारणीबद्दल बोलायला एकट्यापेक्षा गट गेलेला बरा. नव्या माणसाने गटाबरोबर एक अख्खा उन्हाळा पेट्या उघडून पाहाव्यात आणि मगच स्वतःची पेटी घ्यावी. महाबळेश्वरच्या मध संचालनालयात आणि पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत प्रशिक्षण मिळते, तेही जरूर घ्यावे.

तपासणी : दर आठ-दहा दिवसांनी, सकाळी

हंगामात पेटी दर आठ-दहा दिवसांनी पाहावी. वेळ सकाळी सात ते नऊ. ते जमले नाही तर संध्याकाळी पाचनंतर. भर दुपारी पेटी उघडू नये. तेव्हा माश्या चिडतात, आणि मुख्य म्हणजे कोवळे मेण उन्हाने मऊ झालेले असते. सातेरीचे पोळे आधीच नाजूक. मधाने भरलेली चौकट (पोळे जिच्यात बांधलेले असते ती लाकडी फ्रेम) आडवी धरली की पोळे चौकटीतून सुटून खाली पडते आणि कधी कधी त्याखाली राणीच चिरडते. म्हणून चौकट कायम उभीच धरायची. दुसरी बाजू पाहायची तर वरची पट्टी उभी करून, चौकट दरवाजासारखी फिरवून मग पालटायची.

धुराड्यात सुकी गोवरी, नारळाचा काथ्या किंवा गोणपाट चालते. रंगवलेले किंवा तेलकट कापड नको. दारात दोन-तीन फुंकी पुरे. सातेरी जास्त धुराने घाबरते आणि चौकटी सोडून कोपऱ्यात गोळा होते, मग राणी सापडत नाही.

राणी दिसलीच पाहिजे असा हट्ट नको. पोळ्यातल्या घराच्या, म्हणजे एकेका कप्प्याच्या, तळाशी उभे, पांढरे अंडे दिसले तर गेल्या तीन दिवसांत राणी तिथे होती. एका घरात एकच अंडे हवे. एकेका घरात दोन-तीन अंडी, तीही भिंतीला चिकटलेली दिसली तर राणी गेलेली आहे आणि कामकरी माश्या अंडी घालू लागल्या आहेत. सातेरीत हे फार लवकर होते, म्हणून बिनराणीची पेटी 'पुढच्या वेळी पाहू' म्हणून सोडता येत नाही.

नोंदवहीत एवढे लिहावे : तारीख, अंडी आहेत की नाहीत, किती चौकटी माश्यांनी झाकल्या आहेत, मध किती चौकटींत, राणीघरे (नव्या राणीसाठी बांधलेली मोठी घरे), रोगाची खूण. दुसऱ्याने लिहिलेली नोंद वाचून पुढचा माणूस पेटी न उघडता निम्मे काम ठरवू शकला पाहिजे.

ऊन आणि पाणी

पिल्लांच्या भागाचे तापमान माश्या साधारण ३३ ते ३६ अंशांवर राखतात. बाहेर पारा चढला की कामकरी माश्या दारात बसून पंखांनी वारा घालतात आणि पाणी आणून पोळ्यावर पसरतात. जितक्या माश्या या कामाला लागतील तितक्या फुलांवर कमी जातील. म्हणून सकाळचे कोवळे ऊन मिळेल आणि अकरानंतर सावली येईल अशी जागा निवडावी, दार पूर्वेला किंवा आग्नेयेला. सावली नसेल तर झाकणावर भाताच्या पेंढ्याचा जाड थर घालावा. एप्रिल-मेमध्ये त्यावर ओले गोणपाट टाकावे, पण ते दारावर लोंबू देऊ नये.

पाण्याची सोय फेब्रुवारीतच करावी. एकदा माश्यांना शेजाऱ्याच्या टाकीचा किंवा गुरांच्या हौदाचा रस्ता सापडला की नंतर ठेवलेल्या पाण्याकडे त्या फिरकत नाहीत. पेट्यांपासून दहा-पंधरा मीटरवर सावलीत पसरट मातीची थाळी ठेवावी आणि पाण्याच्या वर डोके काढतील असे खडे किंवा नारळाच्या सोडणाचे तुकडे तीत टाकावेत. नुसत्या पाण्यात माश्या बुडतात. पाणी दोन-तीन दिवसांनी बदलावे, नाहीतर डास होतात.

दुपारी दाराशी माश्यांचा घोस लोंबतो तो बहुधा उकाड्यामुळे. तोच घोस पहाटेच्या गारव्यातही तसाच असेल तर जागा कमी पडते आहे किंवा थवा (जुन्या राणीबरोबर पेटी सोडणारा माश्यांचा जथा) निघायच्या बेतात आहे. पेटी लगेच उघडून पाहावी.

थवा निघण्याआधी विभाजन

नरांची घरे वाढू लागली की सावध व्हावे. सातेरीत नराच्या बंद घराचे झाकण टोपीसारखे उंच असते आणि त्याच्या शेंड्याला बारीक छिद्र असते, त्यामुळे ते लगेच ओळखता येते. पाठोपाठ पोळ्याच्या खालच्या कडेला शेंगदाण्यासारखी लोंबती राणीघरे दिसतात. राणी अंड्यापासून बाहेर यायला साधारण १५-१६ दिवस लागतात आणि घर आठव्या दिवसाच्या सुमारास बंद होते. पहिली राणीघरे बंद होताच जुनी राणी निम्म्या माश्या घेऊन निघते. म्हणजे तपासणी पंधरा दिवस लांबली तर थवा हातचा गेला. राणीघरे नुसती मोडत बसू नयेत. माश्या पुन्हा बांधतात, आणि दरम्यान एखादे नजरेतून सुटतेच.

सहा-सात चौकटी माश्यांनी भरलेल्या असतील तरच विभाजन करावे. तीन-चार चौकटींची पेटी फोडली की दोन्ही कमकुवत राहतात आणि पावसाळ्यात दोन्ही जातात.

१. सकाळी नऊच्या सुमारास, बऱ्याच माश्या बाहेर असताना, जुन्या पेटीशेजारी रिकामी स्वच्छ पेटी ठेवावी.

२. आधी राणी शोधावी. ती जिच्यावर आहे ती चौकट, पिल्लांची आणखी एक आणि मध-परागाची एक, अशा तीन चौकटी माश्यांसह नव्या पेटीत न्याव्यात. या चौकटींवर एकही राणीघर राहू देऊ नये.

३. जुन्या पेटीत दोन चांगली राणीघरे ठेवावीत : मोठी, सरळ, टोकाला तपकिरी झालेली. टोक तपकिरी म्हणजे राणी दोन-तीन दिवसांत बाहेर येणार. बाकीची काढावीत.

४. दोन्ही पेट्या जुन्या जागेच्या डावी-उजवीकडे अर्धा-अर्धा फूट सरकवाव्यात, म्हणजे परतणाऱ्या माश्या दोघींत वाटल्या जातात. एकीकडे गर्दी झाली तर ती पेटी थोडी दूर आणि दुसरी थोडी जवळ घ्यावी.

नवी राणी बाहेर आल्यावर आठवडाभरात, हवा चांगली असताना, उडून नरांशी मीलन करते. या दिवसांत त्या पेटीला हात लावू नये, जागा बदलू नये, आणि दाराला राणीफाटक (राणीला बाहेर पडू न देणारी जाळी) तर मुळीच लावू नये. नव्या मधपाळाची हमखास चूक हीच : पेटी पळेल या भीतीने जाळी बसवतो, कुमारी राणी बाहेर पडू शकत नाही, आणि वसाहत नासते. राणीफाटक फक्त मीलन झालेल्या राणीसाठी, म्हणजे नवा थवा पेटीत बसवल्यावर तीन-चार दिवस. तेही पिल्ले दिसू लागताच काढावे, कारण नर जाळीत अडकून दार तुंबते.

तीन आठवड्यांत अंडी दिसली नाहीत तर वाट पाहू नये. दुसऱ्या पेटीतून ताज्या अंड्यांची चौकट द्यावी किंवा वसाहत जोडून टाकावी. विभाजन एप्रिलच्या मध्यापर्यंत उरकावे. मेच्या शेवटी जन्मलेल्या राणीच्या मीलनाला वळवाचे ढग आडवे येतात.

मध काढणे

मध फक्त वरच्या मधकोठीतला. पिल्लांच्या कोठीत कडेला असलेला मध माश्यांचा, त्याला हात लावायचा नाही. चौकटीतली किमान तीन-चतुर्थांश घरे मेणाने बंद झाल्यावरच ती काढावी. उघड्या घरांतला मध पातळ असतो आणि आंबतो. खाद्य मानकांनुसार मधात पाणी २० टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. सातेरीचा मध सहसा या रेषेच्या जवळच असतो, म्हणून गटाकडे पाण्याचे प्रमाण मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर असावा. तो नसेल तेव्हा चौकट आडवी न करता उभीच धरून हलका झटका द्यावा. थेंब उडाले तर मध कच्चा आहे.

मध काढण्याची खोली बंद हवी. उघड्यावर काढला की आसपासच्या सगळ्या पेट्यांच्या माश्या धावून येतात आणि लूट सुरू होते. सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून, घरांवरची टोपणे कापावीत. मधयंत्र आधी हळू फिरवून एका बाजूचा निम्मा मध काढावा, चौकट पालटून दुसऱ्या बाजूचा पूर्ण काढावा, मग पुन्हा पहिली बाजू पूर्ण करावी. एकदम जोरात फिरवले की भरलेल्या बाजूच्या वजनाने पोळे जाळीवर फुटते. रिकाम्या चौकटी त्याच संध्याकाळी ज्याच्या त्याच पेटीत परत द्याव्यात. मध स्टीलच्या गाळणीतून गाळून दोन दिवस झाकून ठेवावा, वर आलेला फेस आणि मेण काढावे आणि कोरड्या बरण्यांत भरावा. उकळू नये. एकाच्या पेट्या झाल्यावर यंत्र आणि सुरी गरम पाण्याने धुवून, वाळवून मगच दुसऱ्याकडे द्यावी. रोग असलेल्या पेटीचा मध सगळ्यांत शेवटी काढावा.

शेवटची काढणी १५ मेपर्यंत. त्यानंतर हिरड्यावर जो मध येईल तो पावसाळ्याचा शिधा. प्रत्येक पेटीत किमान दोन-तीन किलो मध राहिला पाहिजे. बरणीभर मध जास्त मिळतो म्हणून हा शिधा काढणारा माणूस जुलैत त्याच्या कितीतरी पट साखर खाऊ घालतो, आणि तरी वसाहत मधावर राहिली असती तशी राहत नाही. साखरपाणी हा अडचणीतला उपाय आहे.

ते द्यावेच लागले तर एक किलो साखर एक लिटर गरम पाण्यात विरघळवून, पूर्ण गार करून, संध्याकाळी पेटीच्या आत २००-३०० मिली ठेवावे, वर काटक्या तरंगत सोडाव्यात. गूळ नको, त्याने माश्यांना हगवण लागते. बाजारातला मधही नको, त्यातून रोग येतो. मधकोठी चढवलेली असताना साखरपाणी कधीही देऊ नये. ती साखर मधात उतरते आणि मग तो मध म्हणून विकणे ही फसवणूक आहे.

काय बिघडते

मेणकिडा उन्हाळ्याच्या अखेरीस वाढतो. पोळ्यात रेशमासारखे बोगदे आणि काळी बारीक विष्ठा दिसते. पेटी मजबूत असेल तर माश्या अळ्या ओढून काढतात. माश्यांनी न झाकलेली पोळी हेच त्याचे घर, म्हणून ती काढून घ्यावीत आणि तळाची फळी दर आठवड्याला खरवडून साफ करावी. काढलेला कचरा तिथेच टाकू नये, जाळावा.

अळ्या घरात पाठीवर पडून डोके वर उचललेल्या, होडीसारख्या दिसल्या आणि चिमट्याने ओढल्यावर पाण्याने भरलेल्या पिशवीसारख्या बाहेर आल्या, तर तो थाई सॅकब्रूड. हा विषाणू आहे, औषधाने जात नाही. रोगट पोळी काढून जाळावीत, राणी दोन आठवडे पिंजऱ्यात ठेवून अंडी थांबवावीत, आणि त्या पेटीची चौकट दुसरीला देऊ नये. विभाजनही निरोगी वसाहतीचेच करावे.

मुंग्यांसाठी स्टँडचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत. वाट्या कडक उन्हात दोन दिवसांत सुकतात आणि वाळके गवत टेकले की पूल तयार होतो, दोन्हींकडे लक्ष हवे. लाल मुंग्या एका रात्रीत पेटी पळवून लावतात.

कलिंगड, काकडी, स्ट्रॉबेरीवर फवारणी असेल तर ती सूर्यास्तानंतर करावी, असे शेतकऱ्याशी आधीच ठरवावे. माश्या त्याचेच पीक धरवतात, हे शेतावर उभे राहून फुलांवरच्या माश्या दाखवून सांगितले की पटते. २० मे हा जागतिक मधमाशी दिन. त्या सकाळी शेतकऱ्यांना आणि शाळेच्या मुलांना पेट्यांपाशी बोलवावे, पण नऊच्या आत पेट्या बंद कराव्यात. पेटी हलवावी लागली तर रात्री दार जाळीने बंद करून तीन किलोमीटरपेक्षा लांब न्यावी. त्याहून जवळ नेल्यास माश्या जुन्या जागी परततात.

रोहिणी लागल्यावर

२५ मेच्या सुमारास रोहिणी लागते. त्याआधी प्रत्येक पेटीचा शेवटचा आढावा घ्यावा. मधकोठी उतरवावी, पिल्लांच्या कोठीत माश्यांनी झाकल्या जातील तेवढ्याच चौकटी ठेवाव्यात. काढलेली पोळी हवाबंद पेटीत गंधकाची धुरी देऊन ठेवावीत. दोन किंवा त्याहून कमी चौकटींची वसाहत असेल तर एका राणीला बाजूला करून ती दुसरीला जोडावी : मध्ये भोके पाडलेला वर्तमानपत्राचा कागद ठेवून एकावर एक कोठी ठेवली की दोन-तीन दिवसांत दोघींचा वास एक होतो.

पेटी दाराकडे किंचित उतरती करावी, म्हणजे आत पाणी साचत नाही. झाकणावर पत्रा किंवा ताडपत्री, पण हवेला बाजूने वाट ठेवून. वर जड दगड. दार दोन बोटांएवढे लहान करावे, नाहीतर पावसाळ्यात गांधील माश्या सरळ आत शिरतात. स्टँडचे पाय हलवून पाहावेत आणि भोवतीचे गवत कापावे. मृगाचा पाऊस लागला की उघडीप मिळेल तेव्हा बाहेरूनच पेटी एका बाजूने उचलून वजनाचा अंदाज घ्यावा. हलकी लागली तरच उघडावी.