जर्मन परराष्ट्र खात्यात जायचंय? आधी बदलीचा विचार करा

जर्मनीत वाढलेली मराठी मुलं मला वरचेवर विचारतात, इथल्या परराष्ट्र खात्यात शिरायचं कसं? मी त्याच नोकरीत आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिली अट जर्मन नागरिकत्वाची. तिला पळवाट नाही. जर्मनीने २०२४ पासून दुहेरी नागरिकत्वाला मुभा दिली, पण भारत देत नाही. म्हणजे भारतीय पासपोर्ट सोडावा लागतो. हा निर्णय निव्वळ नोकरीपायी घाईने घेऊ नका.

आत जायच्या वाटा तीन. शाळेनंतर दोन वर्षांचं प्रशिक्षण, बारावीनंतर तीन वर्षांचा पदवी अभ्यासक्रम, किंवा पदव्युत्तर शिक्षण करून थेट अताशे, म्हणजे वरच्या श्रेणीतला शिकाऊ राजनैतिक अधिकारी. तिन्हींचं शिक्षण बर्लिनला, टेगेल तलावाकाठच्या अकादमीत होतं. अताशेच्या परीक्षेत इतिहास, आंतरराष्ट्रीय कायदा, अर्थशास्त्र आणि इंग्रजीशिवाय आणखी एक परकी भाषा असते. पुढच्या फेरीत मुलाखत. निवड झाली तरी सुरक्षा तपासणीत महिने जातात, तेव्हा हातची नोकरी लगेच सोडू नका.

सगळ्यांचा डोळा अताशेपदावर असतो. मी मधल्या वाटेने गेले आणि तीच आवर्जून सुचवेन. व्हिसा, पासपोर्ट, अडचणीत सापडलेले नागरिक, वकिलातीचा कारभार हे सगळं या अधिकाऱ्यांच्या हातात असतं. माणसांशी थेट गाठ इथेच पडते.

एकदा परदेशातल्या तुरुंगात एका जर्मन तरुणाला भेटायला गेले. १९६३ च्या व्हिएन्ना कराराने आम्हाला तो हक्क आहे. मी सोडवायलाच आलेय, असं त्याला वाटलं. ते माझ्या हातात नाही, हे आधी स्पष्ट सांगावं लागलं. वकिलांची यादी दिली, घरी काय कळवायचं ते लिहून घेतलं. मग तो हळूच म्हणाला, चष्मा फुटलाय. त्याच्या आईकडून नंबर मागवला, तुरुंग अधीक्षकांना अर्ज दिला, चष्मा पोचला की नाही याचा पाठपुरावा केला. वाटाघाटी, करार, भाषणं यांची ओढ असेल तर तीही कामं आहेत. पण चष्म्याचा अर्ज लिहायला मन लागत नसेल, तर या खात्यात रमणार नाही.

आणि ही बदलीची नोकरी आहे. साधारण तीन-चार वर्षांनी देश बदलतो. बँकेतल्या किंवा रेल्वेतल्या घरांना बदल्या नव्या नाहीत, पण इथे मुलांची शाळा, भाषा, मित्र सगळंच मागे पडतं. जोडीदाराला नव्या देशात काम करायची परवानगी मिळेलच असं नाही. आमच्या घरात सर्वांत जास्त बोलणं याच विषयावर झालंय. लग्न ठरवतानाच हे मोकळेपणाने सांगा.

भारतीय पासपोर्ट ठेवायचा असेल तर दिल्लीचा दूतावास आणि मुंबई, चेन्नई, कोलकाता, बंगळूरच्या वकिलाती स्थानिक कर्मचारीही नेमतात. ते राजनैतिक अधिकारी नसतात, त्यांची देशोदेशी बदलीही होत नाही. पुण्यात मनापासून जर्मन शिकलेल्यांनी त्या जाहिरातींवर लक्ष ठेवावं.