धर्मादाय संस्थांचा मालमत्ता कर: सूट मागताना या चुका टाळा

महापालिकेचे देयक हाती पडले की अनेक विश्वस्त मंडळे धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणीचे प्रमाणपत्र आणि आयकराचे ८०जी पत्र जोडून ‘संस्था सेवाभावी असल्याने कर माफ व्हावा’ असा चार ओळींचा अर्ज देतात आणि निर्धास्त होतात. अर्ज फेटाळला जाण्याचे मूळ बहुधा इथेच असते. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखालील नोंदणीमुळे संस्थेची ओळख पटते आणि ८०जीचा संबंध देणगीदाराच्या आयकराशी असतो. मालमत्ता करात मात्र पाहिला जातो तो वास्तूचा प्रत्यक्ष वापर. मुंबईत १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाचे कलम १४३ आणि राज्यातील इतर महापालिकांत १९४९ च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचे कलम १३२ ही सूट देते, पण वास्तू किंवा तिचा भाग केवळ सार्वजनिक उपासनेसाठी अथवा धर्मादाय कामासाठी वापरला जात असेल तरच.

सर्वात महागात पडणारी चूक भाड्याची. सभागृह लग्नाला द्यायचे, गच्चीवर मोबाइल टॉवर उभारू द्यायचा, दर्शनी खोली बँकेच्या एटीएमला द्यायची आणि ‘हे उत्पन्न आम्ही गरीब विद्यार्थ्यांवरच खर्च करतो’ असे सांगायचे, हा युक्तिवाद कितीही प्रामाणिक असला तरी टिकत नाही, कारण भाडे धर्मादाय कामालाच लावले तरी ज्या भागातून ते मिळते त्या भागाला सूट नाही, असे कायद्यातच म्हटले आहे. भाड्याला ‘ऐच्छिक देणगी’ म्हणण्याची पळवाटही फार काळ चालत नाही: पावतीवर देणगी छापलेली आणि कार्यालयाच्या भिंतीवर अर्ध्या दिवसाचे व पूर्ण दिवसाचे दर लावलेले असतील, तर पाहणीला आलेल्या कर निरीक्षकाला आणखी पुरावा शोधावा लागत नाही.

अशा वेळी काही संस्था सगळ्याच वास्तूचा हक्क सोडून देतात, तेही चुकीचे आहे. सूट मिळालेला भाग कर आकारणीसाठी स्वतंत्र मालमत्ता मानता येतो. म्हणून मंजूर नकाशाची प्रत घेऊन प्रत्येक खोलीचे क्षेत्रफळ आणि वापर लिहावा, भाड्याचा भाग स्वतःहून वेगळा दाखवावा आणि उरलेल्या भागापुरती सूट मागावी. दवाखान्याची बाह्यरुग्ण नोंदवही, अभ्यासिकेचे हजेरीपत्रक, लेखापरीक्षित ताळेबंद आणि विश्वस्तांचा ठराव जोडलेला असा अर्ज, माझ्या मते, भावनिक निवेदनापेक्षा कितीतरी भक्कम ठरतो.

शाळा चालवणाऱ्या संस्थांनी विशेष सावध राहावे. शिक्षण हे धर्मादाय काम असले तरी शुल्क घेऊन शाळा चालवणे म्हणजे आपोआप सूट, असे नाही. दिल्ली महापालिका आणि चिल्ड्रन बुक ट्रस्ट यांच्यातील १९९२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, तेथील कायद्याच्या संदर्भात, नुसत्या नोंदणीवर न थांबता संस्थेला ऐच्छिक देणग्यांचा आधार आहे का, हेही तपासले होते.

आणखी एक गैरसमज देयक नीट न वाचल्याने होतो. वरील कलमांखालील सूट देयकातील ‘सर्वसाधारण कर’ या एका भागापुरती आहे. त्याच देयकातील पाणी आणि मलनिःसारण यांच्या रकमा त्यामुळे आपोआप रद्द होत नाहीत. सूट मिळाली या समजुतीने संपूर्ण देयक बाजूला ठेवणाऱ्या संस्थेच्या नावावर थकबाकी आणि तिच्यावरील शास्ती (दंड) चढत जाते.

अर्ज फेटाळला गेल्यास तोंडी उत्तरावर परत फिरू नये. कोणत्या भागाचा कोणता वापर आक्षेपार्ह ठरला, हे नमूद केलेला लेखी आदेश मागावा आणि गरज वाटल्यास विश्वस्तांच्या उपस्थितीत पुन्हा स्थळपाहणीची विनंती करावी. १९४९ च्या अधिनियमाच्या कलम ४०६ खाली न्यायालयात अपील करता येते, मात्र त्यासाठी तक्रारीचे कारण घडल्यापासून १५ दिवसांचीच मुदत आहे आणि वादातील कराची रक्कम आधी महापालिकेकडे जमा करावी लागते. त्यामुळे विश्वस्तांच्या पुढच्या मासिक सभेची वाट न पाहता आदेश हाती येताच तातडीची सभा बोलावून अपिलाचा आणि रक्कम भरण्याचा ठराव करून घ्यावा.