पावसाळ्यात एफएम ट्रान्समीटर का बंद पडतो? या चुका टाळा

पुणे विद्यापीठाची विद्यावाणी, म्हसवडचं माणदेशी तरंग अशी बरीच सामुदायिक रेडिओ केंद्रं महाराष्ट्रात आहेत. लहान केंद्राची मांडणी बहुतेक ठिकाणी सारखीच असते: ५० वॉटचा एफएम ट्रान्समीटर, जेमतेम ३० मीटरचा टॉवर, ट्रान्समीटरपासून अँटेनापर्यंत जाणारी एक कोॲक्सियल केबल आणि हे सगळं सांभाळणारा एकच माणूस. अशा माणसांसाठी हे लिहितोय. जूनच्या पहिल्या आठवड्यात माझा फोन वाजायला लागतो आणि पलीकडचं वाक्य ठरलेलं असतं: "सर, ट्रान्समीटर ट्रिप झाला होता. रिसेट मारला, आता चालू आहे."

रिसेट मारून मोकळं होणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. ट्रान्समीटर उगाच ट्रिप होत नाही. अँटेनाकडे गेलेली पॉवर हवेत न जाता केबलमधून माघारी यायला लागली, की तिचा मार शेवटच्या ॲम्प्लिफायरमधल्या मॉस्फेटला, म्हणजे पॉवर वाढवणाऱ्या ट्रान्झिस्टरला बसतो. तो जळू नये म्हणून संरक्षण सर्किट पॉवर उतरवतं किंवा यंत्रच बंद करतं. आपण रिसेट मारतो तेव्हा त्या मॉस्फेटला पुन्हा त्याच माराखाली उभं करतो. एका केंद्रावर दिवसभरात चार वेळा रिसेट झाला, पाचव्या वेळी यंत्र उठलंच नाही. मुळात दोष होता टॉवरवरच्या कनेक्टरमध्ये शिरलेल्या चमचाभर पाण्याचा.

ट्रिप झाल्यावर आधी रिफ्लेक्टेड, म्हणजे माघारी येणाऱ्या पॉवरचा आकडा बघा. ५० वॉट वर जाताना २ वॉट परत येत असतील, तर व्हीएसडब्ल्यूआर (केबल आणि अँटेनाचा मेळ किती बसतो ते सांगणारा आकडा; १ म्हणजे उत्तम) १.५ आहे; यावर काम चालतं. साडेपाच वॉटच्या आसपास परत येत असतील तर तो २ झाला, आता कारण शोधायलाच हवं. मग यंत्र बंद करून अँटेनाची केबल काढा आणि त्या जागी डमी लोड, म्हणजे अँटेनाऐवजी सगळी पॉवर पिऊन टाकणारा रेझिस्टर लावा. लोडवर यंत्र पूर्ण पॉवरला शांतपणे चाललं, तर बिघाड केबल, कनेक्टर किंवा अँटेनात आहे. लोडवरही तक्रार राहिली, तर यंत्रातच आहे. दहा मिनिटांच्या या कामाने अर्धा शोध संपतो, तरी बहुतेक लहान केंद्रांत डमी लोड नसतो. नवा मायक्रोफोन घेण्याआधी तो घ्या, असं मी प्रत्येक ठिकाणी सांगतो. आणि लोड किंवा अँटेना जोडल्याशिवाय ट्रान्समीटर क्षणभरही चालू करू नका.

रिफ्लेक्टेड कमी, म्हणजे सगळं ठीक?

या समजुतीत जाणकार माणसंही फसतात. आरजी-२१३ जातीची कोॲक्सियल केबल ३० मीटर लांब असेल, तर १०० मेगाहर्ट्झच्या आसपास तिच्यात सुमारे २ डीबी (डेसिबल, पॉवरची घट मोजायचं माप) पॉवर जाते. ५० वॉट पाठवले की वर साधारण ३१ वॉट पोहोचतात. आता केबलमध्ये पाणी मुरलं आणि हानी ५ डीबीवर गेली असं धरा. वर १६ वॉटच पोहोचणार. वरून समजा अँटेना पूर्ण तुटलेली असली, तरी ते १६ वॉट परतीच्या वाटेवर पुन्हा झिजतात आणि खाली मीटरवर फक्त ५ वॉट दिसतात. म्हणजे केबल जितकी खराब, तितका मीटर गोड बोलतो. रिफ्लेक्टेड आकडा हळूहळू सुधारत असेल आणि दूरच्या गावातले श्रोते मात्र "आवाज खरखरतो" म्हणत असतील, तर केबलवर संशय घ्या. वरच्या टोकाला वॉटमीटर आणि लोड लावून पोहोचणारी पॉवर मोजा, तरच खरं कळतं.

म्हणून मे महिन्यातल्या कोरड्या दिवशी, सगळं सुरळीत असताना, वहीत आकडे लिहा: फॉरवर्ड (वर जाणारी पॉवर), रिफ्लेक्टेड, ॲम्प्लिफायरचा करंट, हीटसिंकचं तापमान, खोलीचं तापमान. नंतर रोज एकाच वेळी तेच आकडे. बिघाडाच्या दिवशी नुसता "३.४ वॉट रिफ्लेक्टेड" हा आकडा काही सांगत नाही. कालपर्यंत तो ०.८ होता, हे माहीत असलं तरच तो बोलतो.

काळी इन्सुलेशन टेप

बाहेरच्या कनेक्टरवर वायरमनची काळी टेप गुंडाळलेली दिसली की मला तो पुढचा फोन आत्ताच ऐकू येतो. उन्हाने तिचा डिंक सुटतो आणि आत गेलेलं पाणी बाहेर यायला वाट उरत नाही. स्वतःतच चिकटून एकजीव होणारी रबरी टेप मिळते, ती ताणून लावा आणि तिला ऊन लागू नये म्हणून वरून चांगली विनाइल टेप द्या. शेवटचा थर खालून वर गुंडाळायचा. कौलं घालताना आपण वळचणीपासून सुरू करून आढ्याकडे जातो, म्हणजे वरचं कौल खालच्यावर येतं आणि पाणी ओघळून जातं. टेपचंही अगदी तसंच. केबल भिंतीतून आत घेण्याआधी तिला खाली झोळ द्या, पाणी तिथून टपकेल, खोलीत येणार नाही. किनाऱ्याजवळच्या केंद्रांनी हे सांधे दरवर्षी उघडून बघावेत, खारी हवा तांब्याला हिरवं करते.

आर्थिंग पावसात मोजणं

ओल्या जमिनीत आर्थिंगच्या रोधाचा आकडा नेहमीच छान, म्हणजे कमी येतो. वळवाचा पाऊस मात्र विजा घेऊन येतो तो जमीन भेगाळलेली असताना. जांभ्या दगडाच्या जमिनीत तर पाणी टिकतच नाही. म्हणून अर्थ टेस्टर मे महिन्यात लावा. टॉवरचं आर्थिंग एकीकडे आणि स्टुडिओचं दुसरीकडे ठेवून "वीज इकडे यायला नको" असं बरेचजण समजतात, तेही चुकीचं आहे. वीज टॉवरवर पडली की आर्थिंगच्या दोन खड्ड्यांमध्ये हजारो व्होल्टचा फरक उभा राहतो आणि तो तुमच्या मिक्सरमधून आणि संगणकामधून वाट काढतो. दोन्ही जाड तांब्याच्या किंवा जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाच्या) पट्टीने एकमेकांना जोडा, केबलचा लाइटनिंग अरेस्टर, म्हणजे विजेचा झटका जमिनीत वळवणारं उपकरणही त्याच पट्टीवर घ्या.

स्टुडिओत घुं आवाज येतो म्हणून प्लगची आर्थिंगची पिन तोडलेली मी पाहिली आहे. असं कधीही करू नका. निवेदकाच्या हातात धातूचा मायक्रोफोन असतो, त्याच्या जिवाशी गाठ आहे. दोन यंत्रांमध्ये ऑडिओचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाका, घुं बहुतेक वेळा तिथेच थांबते.

उष्णता आणि बॅटरी

लाईट गेली की एसी बंद होतो, ट्रान्समीटर मात्र यूपीएसवर चालूच राहतो. खोली तापते. बॅटरी आणि पॉवर सप्लायमधले कपॅसिटर या दोघांचंही आयुष्य दर १० अंशांनी जवळपास निम्मं होतं. तेव्हा लाईट नसतानाही फिरणारा एक्झॉस्ट फॅन हवा, आणि ट्रान्समीटरची जाळी दर महिन्याला धुवायला हवी. बॅटरी बिनलोडची मोजू नका. संपलेली बॅटरीही १२.७ व्होल्ट दाखवते आणि लोड येताच बसते. महिन्यातून एकदा मेन बंद करून यूपीएस किती मिनिटं ओढतो ते घड्याळ लावून बघा आणि त्याच वहीत लिहा. एकत्र जोडलेल्या बॅटऱ्यांपैकी एकच नवी घालू नका, जुन्या तिला लवकर खाली ओढतात.

फ्यूज वारंवार उडतो म्हणून मोठ्या क्षमतेचा घालू नका. मूळ क्षमतेचे पाच-सहा फ्यूज डबीत ठेवा, सोबत एक जादा पंखा आणि दोन कनेक्टर.

टॉवरवर चढायची वेळ आली, तर ट्रान्समीटर बंद करून त्याच्या खोलीची किल्ली चढणाऱ्याच्या खिशात द्या, म्हणजे खालून कोणी चुकून यंत्र चालू करणार नाही. हार्नेस आणि खाली दुसरा माणूस हवाच. ढग गडगडत असताना, केंद्र बंद असलं तरी, चढू नका.